बाभळीला पॉलिश

सत्तरच्या दशकात शेलूबाजारात यंत्रातलं सगळं कळणारा एकच माणूस होता, आणि तो मी. (हे मत माझंच. गावानं ते कधी खोडून काढलं नाही, कारण गावाला कोणी विचारलंच नाही.)

हायवेला लागून माझं जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि मागं घर. घरात माय, माझी बायको कमल आणि लग्नाची बहीण सुशी. गॅरेजला वडिलांनी हयातीत करवून घेतलेली सागवानी कवाडं होती, जीपनं धडक दिली तरी हलणार नाहीत अशी. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी मी त्यांना जवसाचं तेल चोळायचो. दोन-तीन दिवसांत ती अशी चमकायची की गिऱ्हाईक त्यात पाहून भांग पाडायचं.

त्या वर्षी सुशीचं लग्न इंझोरीच्या एका मास्तरशी जमलं. मुलाचे वडील आबाजी. सरळ माणूस, पण एका बाबतीत दुखावलेला. बोलणीला बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "आमाले हुंडा नको, भांडे नको. फक्त वऱ्हाडी टायमावर जेवले पायजे. मोठ्या पोराच्या लग्नात आमी उपाशी वापस आलो. सून सोन्यासारखी हाये, पण तिच्या बापासंग मी आजून बोलत नाई."

मायचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर सुशी माझ्याजवळ आली. "दादा," ती म्हणाली, "एवढं एक काम सरळ कर. तुले येते तसं नोको करू, सगळे करतात तसं कर." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वडिलांच्या जागी मीच होतो, आणि मला खरंच भरून आलं. पण त्याच महिन्यात मालेगावच्या भंगारवाल्याकडे मला ती आरी दिसली, त्याला मी काय करणार?

इंग्रजांच्या काळातली, जंगल तोडायची साखळीची आरी होती ती. तलवारीपेक्षा लांब पातं, त्याच्याभोवती सायकलच्या चेनसारखी पण दात असलेली साखळी, आणि एका टोकाला फटफटीच्या इंजिनाला लाजवेल असं धूड. हल्ली लोक एका हातात मावणाऱ्या आऱ्या घेऊन फिरतात; त्या आऱ्या या आरीची नातवंडं म्हणूनही शोभणार नाहीत. ही धरायला दोन माणसं लागत, एक इंजिनापाशी आणि एक पात्याच्या दुसऱ्या टोकाच्या मुठीला. मी ती जीपमधून घरी आणली तेव्हा कमलनं विचारलं, "हे काय होय?"

"आरी."

"मंग घरात होती ते काय चमचा होता?"

यंत्रात रस नसलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे माझं तत्त्व आहे. मी कामाला लागलो. गंजलेलं इंजिन रॉकेलमध्ये भिजवून मोकळं केलं. विहिरीवरच्या पंपाच्या रिंगा घासून घासून हिच्या पिस्टनला बसवल्या. मूळचा कार्बोरेटर कुजला होता, तिथं स्कूटरचा लावला. एवढ्यावर कोणीही थांबला असता, पण मी सुधारणाही केल्या! धूर बाहेर पडायची तोंडं कानशीनं मोठी केली, सायलेन्सर काढून सरळ नळी लावली, आणि साखळी जास्त पळावी म्हणून मोठं दातेरी चाक बसवलं. साखळीला तेल पाजणारा पंप मेला होता. त्याच्या जागी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडर मित्राकडून वापरलेली सलाईनची बाटली आणून इंजिनावर उलटी टांगली. नळीतून साखळीवर थेंब थेंब तेल. गावातली माणसं यायची, बाटलीकडे पाहायची आणि मशीनला ताप किती दिवसांचा आहे ते विचारून जायची.

आता स्वयंपाकाचं लाकूड. नाल्याकाठी आमच्या वावरात एक जुनी बाभूळ आडवी झाली होती. ती फोडून द्यायचं तुळशीराम लाकूडतोड्यानं कबूलही केलं होतं. मी त्याला बोलावून आरी दाखवली आणि सांगितलं की आता कुऱ्हाडीचं युग संपलं. त्या बिचाऱ्यानं मंगरूळपीरकडच्या दोन लग्नांचं लाकूड फोडायला घेतलं आणि निघून गेला.

अडचण काढली ती मायनं. साखळीला मी गाडीचं जळकं ऑइल घालणार होतो. तिला ते दिसलं आणि ती आडवी आली. ज्या लाकडावर पोरीच्या लग्नाचा भात शिजणार त्याला गाडीचं काळं तेल लावायचं नाही, वऱ्हाड्यांना भातातून डिझेलचे ढेकर यायला नकोत. मुद्दा बरोबर होता. तेल खायचंच पाहिजे. शेंगदाण्याचं तेल पुऱ्यांसाठी मोजून आणलेलं, त्याला हात लावला तर माय हात तोडेल. पण कोपऱ्यात एक डबा भरलेला होता. कवाडांसाठी आणलेलं जवसाचं तेल! खायला चालतं, घरात आहे आणि फुकट आहे. आपण मूळचे हुशार असतो म्हणजे काय असतो, ते मला त्या क्षणी कळलं.

लग्नाला आठवडा असताना मी बाभळीवर चाचणी घेतली. अख्खं गाव जमलं. मात्र दुसरी मूठ धरायची वेळ आली तेव्हा गावातल्या प्रत्येक पुरुषाला घरचं काहीतरी काम आठवलं. शेवटी कमलनं पदर खोचला. "द्या इकडं," ती म्हणाली. "तुमी एकटे मेले त लोक मलेच बोलतीन."

मी दोरी ओढली. काय आवाज झाला म्हणून सांगू! नाल्यातले बगळे उडाले, तिसऱ्या वावरातली बैलजोडी जुवासकट गावात परत आली, आणि झाडाखाली झोपलेला एक म्हातारा लढाई लागली म्हणून उठला. आरी बाभळीत लोण्यात सुरी शिरावी तशी शिरली. वर जवसाच्या चटणीचा असा खमंग वास सुटला की लोकांना भुका लागल्या. बघता बघता चार गोल ओंडके खाली पडले. मी आरी बंद केली. बाकीची बाभूळ आदल्या दिवशी कापू, म्हणजे लवकर आलेल्या पाहुण्यांनाही पाहायला मिळेल, असा विचार केला. कमलच्या दातांची कुडकुड संध्याकाळपर्यंत थांबली नव्हती, पण ती सवयीची गोष्ट आहे.

आता चांगली वस्तू चांगली ठेवावी लागते. मी सलाईनची नळी पूर्ण मोकळी सोडून साखळीला जवसाच्या तेलानं न्हाऊ घातलं आणि तेल नीट मुरावं म्हणून आरी गॅरेजच्या टिनांच्या छपरावर, वैशाखाच्या उन्हात ठेवली. लोणचं मुरतं, मग साखळी का नाही मुरणार? मी रोज शिडीवरून पाहून यायचो. साखळी दिवसेंदिवस जास्त चमकत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आरी पुन्हा बाभळीपाशी नेली. दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू. आवाज तोच, धूर तोच. साखळी मात्र हलेना. मी जोर वाढवला, आतून जळका वास आला, साखळी जागची ढिम्म. कमलनं वाकून तिच्यावर नख ओढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"याले कोनतं तेल लावलं होतं?"

"जवसाचं."

"कवाडाले लावता तेच?"

वऱ्हाडात जन्मलेल्या, दरवर्षी स्वतःच्या हातानं कवाडं चमकवणाऱ्या माणसानं जवसाचं तेल उन्हात सुकून लाखेसारखं होतं हे विसरावं, याला वेगळीच बुद्धी लागते. साखळी पात्याला, पातं चाकाला आणि चाक नशिबाला असं सगळं एकजीव झालं होतं.

मी रॉकेल ओतलं. उकळतं पाणी ओतलं. चाकूनं खरवडलं, चाकू मोडला. तेव्हा मला उपाय सुचला. जे गरमीनं बसलं ते गरमीनंच सुटेल. आरीचं पातं काढून आगीवर धरायचं! आगीला सुकं लाकूड पाहिजे होतं, आणि जवळ सुकं लाकूड म्हणजे चाचणीच्या दिवशी कापलेले चार ओंडके. मी तेच फोडून पेटवले. माय ओरडत धावत आली तोवर लग्नाचं सगळं लाकूड साखळीखाली भडकलं होतं. पण उपाय लागू पडला बरं का! तेल जळून गेलं, साखळी मोकळी झाली. दुपारी पातं परत चढवलं, दोरी ओढली, आणि साखळी वाऱ्यासारखी पळायला लागली.

कापत मात्र नव्हती. आगीत दातांचं पाणी उतरलं होतं. लोखंड शिजलेल्या गाजरासारखं मऊ झालं. दिवस मावळेपर्यंत मी आणि कमलनं ती आरी बाभळीवर दाबून धरली, आणि बाभळीला इतकं सुंदर पॉलिश झालं की तसं कोणत्याही सुताराला जमलं नसतं. लग्नसराईत गावात जड लाकूड उरलं नव्हतं. तुळशीराम मंगरूळपीरकडे होता. सुशी हातावर मेंदी घेऊन दारात उभी होती. ती रिकाम्या चुलीकडे पाहून आत गेली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

लग्नाच्या सकाळी शेजारच्या बायांनी आपापल्या घरच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि गवऱ्या आणून दिल्या. त्यावर भात झाला, वरण झालं. पण पऱ्हाटी भुरकन पेटते आणि भुरकन विझते. वांग्याच्या भाजीचं पातेलं, आमच्याकडचं गंज, कोमट होऊन बसलं, पुऱ्यांची कढई तापेचना. एवढ्यात इंझोरीहून वऱ्हाडाचा ट्रक आला, आणि तोही ठरल्या वेळेआधी.

आबाजी उतरले. नवरदेवाकडेही न पाहता त्यांनी आधी मांडवामागं आभाळात नजर टाकली. धूर शोधत होते ते! मी मागच्या अंगणात पळालो आणि दोरी ओढली. आरीनं निळा-पांढरा धूर मोकळ्या मनानं सोडला. आबाजींचा जीव भांड्यात पडला. "हे काय वाजून राह्यलं?" त्यांनी विचारलं. मायनं आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून ती पिठाची गिरणी असल्याचं सांगितलं. आबाजींनी एकदा हवा हुंगली, वास पेट्रोलचा होता, पण पोरीच्या घरी फोडणीची चौकशी करणं बरं दिसत नाही म्हणून मांडवात जाऊन बसले.

आता खरा पेच आला. आम्ही बौद्ध, आमच्यात लग्न फार लवकर लागतं. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, हार, की झालं. मग माणसं थेट जेवायला बसतात. मी लग्न लावणाऱ्या गुरुजींना बाजूला घेऊन, जरा लांबवता येईल का म्हणून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, लांबवाची सोय आपल्यात ठेवलीच नाई. त्याच्यासाठीच त आपन इकडं आलो."

हार पडले. टाळ्या वाजल्या. आबाजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सुशीनं माझ्याकडे पाहिलं. आणि कमल मांडवातून कुठंतरी नाहीशी झाली.

मी उठलो. वधूचा भाऊ म्हणून दोन शब्द बोलतो, असं सांगून माईक हातात घेतला. विषय आपोआप सुचला, यंत्रयुग. मित्रांनो, म्हटलं, यंत्र म्हणजे माणसाचा तिसरा हात आहे. कुऱ्हाडीचे दिवस गेले. यापुढे ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी काही कमी पडणार नाही. आवाज असा लागला होता की माईकची गरज नव्हती. आणि लोक ऐकत होते! सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, नंतर हळूहळू माझ्या उजव्या खांद्यावरून पलीकडे, मग डाव्या खांद्याकडे सरकल्या. मी बोलता बोलता मागं वळून पाहिलं.

माझ्या गॅरेजचं सागवानी कवाड चार माणसांच्या खांद्यावरून चुलीकडे चाललं होतं. पुढं कमल, हातात माझीच पहार.

"बोलत राहा," ती जाता जाता म्हणाली. "दुसरं काढाचं हाये आजून."

मी बोलत राहिलो. मागून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते, आणि मी कुऱ्हाडीचं युग संपल्याचं सांगत होतो. वडिलांनी करवून घेतलेली, वर्षानुवर्षं जवसाचं तेल प्यायलेली ती कवाडं काय पेटली म्हणता! भाजीला कढ आला, कढई कडकडून तापली, पुऱ्या टम्म फुगल्या. कमलनं मांडवाच्या टोकावरून हात हलवला. मी बाहीनं डोळे पुसले. कवाडांसाठी की सुशीसाठी, ते मला आजही सांगता येत नाही. मी भाषण संपवलं आणि पंगत बसली.

निरोपाच्या वेळी आबाजींनी माझे दोन्ही हात धरले. "जेवण टायमावर झालं. आता तुमच्यासंग जनमभर बोलीन," म्हणाले. मग त्यांची नजर उघड्या गॅरेजकडे गेली आणि कवाडं कशी नाहीत असं त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत कमल म्हणाली, "गिऱ्हाईक रातीबेराती येते ना. म्हणून ठेवतच नाई."

आबाजी इतके खूश झाले की त्यांनी ही गोष्ट पंचक्रोशीत सांगितली. त्यामुळे रात्रंदिवस उघडं असणारं गॅरेज म्हणून माझं नाव झालं, आणि नवीन कवाडं होईपर्यंत मला तिथंच बाज टाकून झोपावं लागलं. उशाला आरी.

ती अजून माझ्याकडे आहे. पातं सोडून बाकी जवसाच्या तेलामुळे तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. सुशी माहेरी आली की तिची नातवंडं आरीभोवती जमतात आणि आवाज ऐकायचा हट्ट धरतात. मी ताबडतोब दोरी हातात घेतो. तेवढ्यात घरातून कमल माझ्याकडे हात करून नातवंडांना सांगते, "आवाजच आयकाचा असन त आरी कायले सुरू करता? यायले भाषण कराले सांगा ना."