नवशाच्या बाटल्यांना आंघोळ

नवशाला दारूचा वासही सोसत नाही, आणि तरी त्याच्या घरात जुन्या स्कॉचच्या एक्केचाळीस रिकाम्या बाटल्या आहेत. पवनानगरच्या वरच्या वाडीतून शेअर जीपनं तो रोज लोणावळ्याला जातो आणि बंगल्यांच्या बागा राखतो. अठ्ठावीस वर्षं झाली. साहेबलोकांनी टाकलेली बाटली तो पिशवीत घालून घरी आणतो. इंग्रजी लेबल अक्षर लावून वाचतो आणि बूच की स्प्रिंगचं झाकण की फिरकीचं, एवढ्यावरून बाटलीचं वय सांगतो. मी त्याचा शेजारी, त्याला खोटं पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

त्याचं दुःख एकच. हिरीला, म्हणजे बायकोला, या दौलतीचं काही नाही. रोज जेवताना तो बाटल्यांबद्दल बोलायचा आणि ती भाकरी थापत राहायची.

"पालथ्या घड्यावर पाणी, भाऊ," तो मला म्हणायचा.

शेवटी मीच पुण्याच्या अनघाताईंना गाठलं. त्याही जुन्या बाटल्या जमवतात. रविवारी येते म्हणाल्या. नवशानं शुक्रवारीच दाढी करून घेतली.

पण मंगळवारी घट बसायचे होते. घटाच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही, हे नवशानं लक्षात ठेवायला हवं होतं. शनिवारी तो कामावर गेला आणि हिरीनं बाटल्या गरम पाण्यात बुडवून राखेनं घासल्या. संध्याकाळी तो आला, तर कुंपणाच्या काठ्यांवर एक्केचाळीस बाटल्या उलट्या चमकत होत्या. लेबल एकीवरही नव्हतं. जुन्या बाटलीची सगळी किंमत लेबलात. मला तर हिरीचा असा राग आला!

रविवारी अनघाताई आल्या. नवशा खाली मान घालून म्हणाला, "बाई, बघण्याजोगं काय ऱ्हायलं न्हाई."

हिरी पदराला हात पुसत पुढं आली. तिनं एक बुटकी हिरवी बाटली उचलली.

"ही व्हॅट शिक्स्टीनाइन. पारशी बाबाच्या बंगल्यावरची. बाबा वारला त्या साली आणली." मग तिकोनी उचलली. "ही डिंपल. हिच्या अंगावर तारेची जाळी व्हती, ती जीपमदी पडली. ही चौकोनी जॉनी वॉकर, लाल. काळी ती पल्याडची."

एकेक करत तिनं एक्केचाळीस सांगितल्या. कुठल्या बंगल्यातली, कोणत्या साली, झाकण कसलं, सगळं. अनघाताई चिठ्ठ्या लिहीत होत्या, मी दोऱ्यानं बाटल्यांच्या गळ्यात बांधत होतो. नवशा नुसता बघत होता. एकदाही त्यानं तिला दुरुस्त केलं नाही, तशी वेळच आली नाही.

अनघाताईंनी विचारलं, एवढं पाठ कसं?

"रोज जेवताना दुसरं काय बोलत्यात हे?" हिरी म्हणाली. "मी भाकरी थापती, कान झाकून बसत न्हाई."

नवशाला एवढं हसू आलं की डोळे भरले. त्या दिवशी पहिल्यांदा तो जेवताना गप्प बसला, आणि हिरीनं विचारलं, आज कोणती आणली न्हाई का?