खंडेनवमीला मांडलेला सेल

माझ्या नवऱ्याला अख्ख्या औरंगाबादेत दोनच बायका ‘अरे’ म्हणत. एक त्याची आई आणि दुसरी ती.

ती, तो आणि मी, आम्ही तिघं विद्यापीठात केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला एकाच वर्गात होतो. तेव्हा सगळ्यांचंच अरे-तुरे होतं. पुढं माझं त्याच्याशी लग्न झालं. देवगाव रंगारीच्या माझ्या माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी मिळून मला महिन्याभरात ‘अहो’वर आणून बसवलं. ती मात्र ‘अरे’वरच राहिली. घरी आली की दारातूनच हाक मारायची, “अरे, हैस का घरात?” आणि मी आतून म्हणायची, “अहो, तुमच्याकडं कोण आलंय बघा.” आलंय कोण हे मला चांगलं माहीत असायचं.

ती वस्तीतून शिकून वर आलेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या मागणीवरून मराठवाड्यात दंगल पेटली, तेव्हा तिच्या मामाचं गावाकडचं घर जाळलं होतं. नामांतर होईपर्यंत पदवीचं सर्टिफिकेट हातात घेणार नाही असं तिनं ठरवलं आणि खरंच घेतलं नाही. मला त्याचाही हेवा वाटायचा. मी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं आणि त्याच्यावर सासूबाई मीठ-मिरचीची पुडी अडकवायच्या.

लग्नानंतर आम्ही नवरा-बायको चिकलठाण्याच्या एका बॅटरी कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागलो. ते दिवस शहर फुगण्याचे होते. आज इथं शेड, उद्या तिथं भोंगा. कारखाना ट्रॅक्टरच्या शिशाच्या बॅटऱ्या करायचा, पण मालकानं परदेशात कुठंतरी लिथियमचा सेल बघितला आणि ते खूळ डोक्यात घेऊन आला. लिथियम हलकं आणि ताकदीचं, पण स्वभावानं खुनशी. सेल पुन्हा पुन्हा चार्ज केला की आत धातूच्या बारीक सुया उगवतात. दोन बाजूंच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, तो या सुया फाडतात. मग सेल तापतो आणि कधी कधी पेटतोही. आमचे कितीतरी सेल असेच गेले.

एका संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून घरी चाललो होतो. क्रांती चौकात मोर्चा होता, सगळी वाहनं अडलेली. मला सातवा महिना, पाठ दुखत होती आणि डोक्यात दुपारी जळलेला सेल होता. नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून मी म्हणाले, “अहो, एका पडद्याऐवजी तीन घातले तर? मधला लवकर वितळणारा. सेल तापला की तो आधी वितळंल, पडद्याची भोकं बुजतील आणि सगळं आपोआप बंद पडंल.”

त्यानं मागं वळून बघितलं. तेवढ्यात मोर्च्यातून कुणीतरी हात हलवला. ती होती. मूठ वर करून घोषणा देत होती, आम्हाला बघून मधेच हसली आणि पुन्हा घोषणेला लागली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. मधल्या पडद्याचं मी बोलले तेव्हा ती तिथंच होती, पण ऐकायला नव्हती.

पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. माझ्या जागेवर नवऱ्यानंच तिचं नाव सुचवलं. मी घरी दुपटी धुवत होते आणि ती माझ्या टेबलावर, माझ्या चिमट्यानं तो मधला पडदा बसवत होती. ते सोपं नव्हतं हे मला कळतं. थर जाड झाला की सेल चालत नाही आणि पातळ झाला की टिकत नाही. तिनं वर्षभर बोटं भाजून घेतली. नवरा रात्री जेवताना तिचं कौतुक सांगायचा आणि मी त्याच्या ताटात भाजी जरा जास्तच जोरात वाढायची.

शेवटी सेल जमला. तापवला तर पेटेना, गपकन बंद पडला. मालक नाचायचाच बाकी राहिला. म्हणाला, पेटंट घ्यायचं. म्हणजे हा पडदा आपल्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही, आणि शोध कुणी लावला त्यांची नावं सरकारच्या दप्तरी कायमची लागणार. नावं दोन ठरली. त्याचं आणि तिचं, शेजारी शेजारी.

मी विचारलं, “आणि माझं?”

“तू तर घरी होतीस,” तो म्हणाला.

“क्रांती चौकात घरी होते का?”

त्याला आठवत होतं. न आठवल्यासारखं केलं असतं तर मी भांडले तरी असते. तो शांतपणे म्हणाला, “अगं, बोलणं येगळं न् करणं येगळं. पडदा तिनंच बसवला. आन् माझं नाव लागलं म्हणजे तुझं लागल्यासारखंच हाय ना? आडनाव तर एकच हाय.”

त्या आडनावाची मला त्या दिवशी शिसारी आली. तिच्यापर्यंत त्यानं हे कधी पोचवलंच नव्हतं. पडद्याची कल्पना त्याचीच, अशी तिची समजूत होती. मी सांगायला गेले असते तर तिनं मानलंही असतं. पण हे मी मागून घ्यायचं? तिच्याकडून? माझी मान तेवढी वाकत नव्हती.

गावाहून भाऊ आला, त्याच्यापाशी मी बोलून गेले. तो लगेच सरसावला, “मंग! आता समदं त्यांचंच चालणार. नोकरी त्यांची, नाव बी त्यांचंच.” माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, “दादा, जळायचं ते माझं मी जळीन. त्याच्यात तुझी जात नको घुसवू. ती माझ्यापेक्षा पुढं गेली म्हणून माझ्या पोटात दुखतंय, कुठून आली म्हणून नाय.” भाऊ चहा न घेताच गेला.

अर्जाचे कागद तयार झाले तेव्हा नवरात्र सुरू होतं. मालकाच्या मनात आलं की इतकं मोठं काम दसऱ्याच्या मुहूर्तावरच धाडायचं. त्याआधी खंडेनवमीला नेहमीप्रमाणे कारखान्यात पूजा होती. यंत्रांना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, कामगारांची बायका-पोरं नवीन कपड्यांत. मधोमध पाटावर तो सेल मांडला होता आणि शेजारी अर्जाचे कागद, त्यांच्यावर सुपारी. मी बायकांना कुंकू लावत होते. सेललाही लावलं.

मालकानं हौसेनं पॉलिटेक्निकची पोरं बोलावली होती आणि एक वार्ताहरही. नवरा बुजरा, म्हणून मालकानं तिलाच पुढं केलं, “बाई, सांगा सगळ्यांना.” तिनं फळ्यावर तीन पडदे काढले. कोणता कशाचा, मधला कधी वितळतो, सगळं सांगितलं. काय सुरेख सांगितलं! टाळ्या पडल्या. दसऱ्याच्या सकाळी पेपरात फोटो आला. हातात खडू घेतलेली ती, मागं पूर्ण आकृती आणि अगदी कडेला कुंकवाचा करंडा धरलेला अर्धा हात. तो माझा.

कागद दसऱ्याला निघाले. काही दिवसांनी मुंबईहून पेटंटचं काम बघणाऱ्या वकिलाचा फोन आला. त्याच्या हाती पेपराचं कात्रण पडलं होतं. अर्ज दाखल व्हायच्या आधी शोध चारचौघांत उघड झाला, पेपरात छापून आला, म्हणजे तो आता नवा राहिला नाही. पेटंट मिळणार नाही. मालक म्हणाला, “अहो, आम्ही तर पूजा केली!” वकील म्हणाला, सरकारनं मान्य केलेल्या प्रदर्शनात मांडला असता तर काही करता आलं असतं. खंडेनवमीला सरकारची तशी मान्यता नाही.

मी ऐकलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी पोराला दोनदा शिरा करून घातला.

नवरा जेवला नाही. भिंतीकडं बघत म्हणाला, “तिचं लई वाईट झालं.” मग म्हणाला, “तू जाऊन ये ना तिच्याकडं. तुझी मैत्रीण हाय.”

गेले. घर माणसांनी भरलेलं. शेजारणी, चळवळीतली पोरं, खुलताबादहून आलेली मावशी. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी पाणी आणत होतं. तिचे वडील दारात येईल त्याला सांगत होते, “पोरीचा शोध होता हो. पोरीचा होता.” आणि येणारा प्रत्येक जण चप्पल काढून, मान खाली घालून आत जात होता. सकाळी मालकही येऊन गेला होता म्हणे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मला बघून ती उठली आणि गळ्यात पडली. हमसून हमसून रडली. असं मोकळं रडताना मी तिला दंगलीच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मी तिला धरून उभी होते. माझ्या घरी कुणी येणार नव्हतं. माझं काही गेलंय हे कुणाला माहीतच नव्हतं.

ती डोळे पुसत म्हणाली, “तुला नाय कळायचं गं. आपलं म्हणून केलेलं असं हातातून जातं तेव्हा काय होतं, ते तुला नाय कळायचं.”

“व्हय,” मी म्हटलं. “मला कसं कळंल?”

मग मी तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले. स्टोव्ह पेटवता पेटवता मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा फळ्यापुढं उभी असतानाही वाटला नव्हता. तिला रडता येत होतं.