अप म्हणजे मुंबईकडे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका छोट्या कॉम्प्युटर ऑफिसात होते. फुकट मिळणारे, कोणीही बदलू शकेल असे प्रोग्रॅम गोळा करायचे, सहज बसवता येतील असे बांधायचे आणि सीडीवर घालून गिऱ्हाइकांना द्यायचे, हे आमचं काम. प्रत्येक प्रोग्रॅमसोबत एक माहितीची फाइल जोडावी लागे. नाव, आवृत्ती, परवाना, आणि एक रकाना ‘अपस्ट्रीम’, म्हणजे प्रवाहाची वरची बाजू.

त्या रकान्याने घोळ घातला. ऑफिस चालवणारे सर म्हणाले, “वरून जिथून आलं, ते लिहा.”

माझ्या शेजारी कळव्याची एक मैत्रीण बसायची, कोळ्यांच्या घरातली. ती म्हणाली, “सर, वर म्हणजे कुठे? भरतीला आमच्या खाडीत पाणी उलटं चढतं.”

“अगं, खाडी काय घेऊन बसलीस? स्टेशनवर अप गाडी कुठे जाते?”

“मुंबईला.”

“झालं तर.”

आम्ही प्रोग्रॅम ज्या सीडीवरून घेतले ती मुंबईच्या एका दुकानातून आली होती. सगळ्या फायलींत त्या दुकानाचा पत्ता गेला. मलाही ते पटलं होतं.

मग जवळच्या पॅथॉलॉजी लॅबच्या मॅडमचा फोन आला. आम्ही दिलेल्या प्रोग्रॅमवर रिपोर्ट छापताना शेवटचा आकडा गळत होता. साडेबारा हिमोग्लोबिन बारा होत होतं. “मी पेनाने आकडे भरतेय. सोमवारपर्यंत बघा, नाहीतर मी टाइपरायटर काढते.” नियमित म्हणावं असं आमचं गिऱ्हाईक तेवढंच.

प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्यालाच विचारावं म्हणून आमचीच फाइल उघडली. तिथे दुकान. फोन लावला.

“बाई, मी सीड्या विकतो,” दुकानदार म्हणाला. “आत काय आहे ते मला विचारता?”

शेवटी मूळ कोडच्या सुरुवातीला एक ईमेल पत्ता सापडला. त्या गृहस्थांचं उत्तर आलं: मी ते काम कधीच सोडलं, आता दुसरे एक जण बघतात, त्यांना विचारा. दुसऱ्यांनी कुठे शोधायचं ते सांगितलं, आणि वर लिहिलं, चूक सापडली तर मला पाठवा. चूक सापडली. दुरुस्ती आम्ही लॅबला दिली आणि त्यांनाही पाठवली. त्यांच्या पुढच्या आवृत्तीत ती होती.

“म्हणजे आता आपण अप?” सर गोंधळले.

“भरती आली, सर,” मैत्रीण म्हणाली.

रकान्यात मी त्या दुसऱ्या गृहस्थांचा पत्ता घातला. बरोबर होतं का, कोण जाणे. सोमवारी मॅडमनी छापलेले रिपोर्ट एकेक तपासले, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “पुन्हा बिघडलं तर विचारायचं कोणाला?”

“मला,” मी म्हटलं. “पुढचं मी बघते.”

म्हणजे लॅबकडून बघितलं तर वर मीच होते, आणि लॅब तर आमच्याहून दोन गल्ल्या मुंबईच्या जवळ.