खालून दिलेली हाक

त्याला सगळे छत्रीवाला म्हणत. टीव्हीची गोल छत्री गच्चीवर बसवून द्यायची, हेच त्याचं तरुणपणापासूनचं काम. त्यात हात जितका लागतो, तितकाच कान. तो वर छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवणार आणि घरातलं कुणीतरी टीव्हीसमोर बसून ओरडणार, "आलं! आलं! अहो, गेलं! हां, आलं, थांबा!" चित्र आलं की तिथेच बोल्ट आवळायचे.

पण गेल्या वर्षभरात त्याची घडीच विस्कटली. छत्रीवाला गेला की पाठोपाठ चित्रही जातं, अशा तक्रारी येऊ लागल्या. ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं, "आणखी एक तक्रार आली, की शिडी आणून जमा करायची."

घरीही तो घुम्यासारखा बसायचा. बायको बोलत राहायची, तो जेवत राहायचा. "भिंतीशी बोलते मी," ती वैतागून म्हणायची, आणि मग आपलं काय चुकलं ते देवाला विचारत बसायची.

एके सकाळी तोच म्हणाला, "आज तू चल. खाली बसून ओरडायचं. तुझ्या आवाजाला तोड नाही."

"एवढ्या वर्षांनी कळलं होय?" ती हसली. किती दिवसांनी तो आपणहून बोलला होता! देवाला हात जोडून ती निघाली.

गिऱ्हाइकाचं घर दोन मजली होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी सुनेने छत्री मागवली होती. बायको टीव्हीसमोर बसली. पडद्यावर सिग्नलची हिरवी रेघ वाढली तशी ती ओरडली, "आलं!" लगेच रेघ घसरली. "अहो, गेलं! परत फिरवा!" रेघ हलेचना. खिडकीतून डोकं काढून ती पुन्हा ओरडली. सासूबाई म्हणाल्या, "मला ऐकू आलं ग बाई, त्याला कसं येत नाही?"

ती जिना चढून वर गेली. तो पाठमोरा बसून बोल्ट आवळत होता.

"अहो!"

पाना फिरतच राहिला.

तो उठला. छत्री सरळ आहे का ते बघायला एक पाऊल मागे आला. मागे कठडा नव्हता. "अहो, मागे बघा!" ती किंचाळली. त्याने आणखी एक पाऊल मागे टाकलं. ती धावली आणि त्याच्या सदऱ्याला लोंबकळली. दोघंही गच्चीवर धपकन बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"आधी सिग्नल मोजायच्या यंत्राची पीपी ऐकू येईना. मग फोन. मग तू."

"मला का नाही सांगितलंत?"

"चढू दिलं असतंस?"

तिने हात पुढे केला. "फोन द्या," म्हणाली. साहेबांना तिनेच सगळं सांगितलं. देवासमोर रोज उभं राहायचं, तर खोटं किती दिवस निभावणार? साहेब माणूस वाईट नव्हता. "वहिनी, बरं केलंत सांगितलंत. पण आता त्यांना गच्चीवर पाठवलं तर पाप माझ्या माथी. दुसरं काम म्हणाल, तर ऑफिसात फोन घेणारंच माणूस हवंय हो."

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

असलं काही सांगायचं, तर पाठीवर हात ठेवून, हलक्या आवाजात सांगायचं. तिने तसंच सांगितलं.

"काय?"

ती जरा मोठ्याने बोलली. त्याने मान पुढे केली. शेवटी सगळा जीव एकवटून ती ओरडली, "उद्यापासून येऊ नका म्हणाले!"

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातली चादर तशीच धरून उभी राहिली. खालून सुनेने विचारलं, "काय झालं हो?"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "ऐकलं."