क्लचवरचा पाय

चाकणच्या नाक्यावर त्याची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. एखाद्याच्या घरात चपला काढून शिरावं, तसा तो हात स्वच्छ पुसूनच स्टेअरिंगला लावायचा.

त्या वर्षी गावच्या जत्रेत पहिल्यांदाच गाड्यांची ओढ ठेवली होती. दगड रचलेला जाड लोखंडी पत्रा साखळीनं ओढत न्यायचा. रोज कंपनीचा माल वाहणारी माझी पिकअप मी हौसेनं उतरवली. आदल्या दिवशी मिस्त्रीनं नवा क्लच बसवला आणि बजावलं, "भाऊ, डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय सोडा. जळंल त्यो."

ओढ सुरू झाली आणि मी नेमकं तेच केलं. दहा पावलांत धूर निघाला, गाडी जागच्या जागी थांबली, लोक हसले. मी खाली उतरलो आणि गर्दीत उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे बोट दाखवलं. "कालच ह्यानं क्लच बसवलाय."

सगळे त्याच्याकडे वळले.

"व्हय, माझंच काम कच्चं राह्यलं," तो म्हणाला.

मग माझ्या गाडीची साखळी सोडताना हळूच म्हणाला, "ड्रायव्हर कच्चा हाय असं झालं, तर उद्या माल कोण देईल तुम्हाला?"

खरं सांगायला गर्दी अजून तिथंच होती. मी साखळी गुंडाळत राहिलो.

पुढं कित्येक वर्षं त्याच्या शेडवरून जाताना माझा डावा पाय आपोआप क्लचवरून उचलला जायचा. उजवा मात्र ब्रेकवर एकदाही गेला नाही.