साडूभाऊंचं ओल खाणारं यंत्र

कर्जतमध्ये राहून पावसाशी वैयक्तिक भांडण असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पावसाशी म्हणण्यापेक्षा ओलीशी म्हणावं. पाऊस बाहेर कितीही कोसळो, त्याला त्यांची हरकत नव्हती. पडून झाल्यावर तो घरात मुक्कामाला येतो, हा त्यांचा आक्षेप होता. सगळी नोकरी खोपोलीच्या एका कागद कारखान्याच्या गोदामात गेलेली. तिथे जरा दमट हवा लागली की गठ्ठे फुगायचे आणि साडूभाऊंना बोलणी बसायची. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते ‘ही कधी फुगेल’ अशाच नजरेने पाहत. बिस्किट खाण्याआधी ते कानाशी नेऊन मोडत आणि आवाज ऐकून खायचं की नाही ते ठरवत. एका लग्नाच्या पंगतीत ते पापडाला कान लावून बसले होते. वधूपित्याने घाबरून विचारलं, “काय हो, काही ऐकू येतंय का?” साडूभाऊ खिन्नपणे म्हणाले, “काहीच नाही. तेच तर दुःख आहे.”

अशा माणसाने फ्लॅट घ्यावा तो तळमजल्यावर, आणि इमारत उभी असावी ती भाताचं खाचर बुजवून! आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होतो, बायका सख्ख्या बहिणी, तेव्हा त्यांना इथे ओढण्यात माझाही हात होता. मागच्या कौलारू घरात गोदाबाई राहत. ते खाचर मूळचं त्यांचं. सामान टेंपोतून उतरत होतं तेव्हाच त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “भाऊ, हितं आमी गुडघाभर चिखलात लावणी करायचो. ही जागा पान्याचीच हाय.” साडूभाऊ हसले. आषाढात त्यांचं हसू गेलं. भिंतींवर देशोदेशीचे नकाशे उमटले, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं, काडेपेटी ओढली की गूळ उकरल्यासारखा आवाज येऊ लागला आणि कोल्हापुरी चपलांना हिरवी दाढी फुटली. साडूभाऊंनी ओल शोषायला कोपऱ्याकोपऱ्यांत चुनकळीची मडकी ठेवली, कोळशाच्या पिशव्या टांगल्या. शेवटी कपाटात विजेचा दिवा पेटवून ठेवला. त्याने कपाट सुकलं, पण अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, शालूला बशीएवढं तपकिरी भोक पडलं. त्यानंतर आठवडाभर त्या घरातलं वातावरण फारच कोरडं होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या बोटीवरच्या पुतण्याने सिंगापूरहून एक यंत्र आणलं. उभ्या ठेवलेल्या तेलाच्या डब्याएवढं, पुढे जाळी, खाली खण. जाळीतून खोलीतली हवा ओढायची, तिच्यातलं पाणी काढून खणात साठवायचं आणि कोरडी हवा परत करायची, एवढंच त्याचं काम. त्याचं इंग्रजी नाव कर्जत स्टेशनच्या फलाटाएवढं लांब होतं. गोदाबाईंनी “म्हंजी ओलखाऊ!” असं म्हणून बारसं उरकलं आणि तेच नाव चाललं. साडूभाऊंनी नारळ फोडला (अर्थात अंगणात, नारळातही पाणी असतं), आतल्या खोलीत ओलखाऊची स्थापना केली आणि खिडक्यांच्या फटी कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खण भरलेला! ते पाणी तांब्यात घेऊन ते दारोदार फिरले. “बघा, हे माझ्या घरात लपलं होतं!” शेजारच्या आजोबांना नीट ऐकू येत नसे. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळहातावरचं पाणी भक्तिभावाने प्यायले, उरलेलं डोक्याला लावलं आणि विचारलं, “कुठल्या क्षेत्राचं?”

मग त्या घरात नवे कायदे आले. छत्री जिन्यातच ठेवायची. पाय पुसायचे, मग पायपुसणं बाहेर पिळायचं. चहा उकळायचा नाही, कारण वाफ. कुकर तर शत्रूच. शिट्टी ऐकली की साडूभाऊ छातीवर हात ठेवत. अक्का बिचाऱ्या भात आमच्याकडे वर शिजवत आणि पातेलं झाकून खाली नेत. एकदा मी ओलखाऊसमोर बसून भावाच्या नोकरीची हकीकत जरा रंगवून सांगत होतो, तर साडूभाऊ माझ्या गुडघ्यावर हात ठेवून अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, “साडूभाऊ, राग मानू नका, पण श्वास जरा बेतानं सोडा. माणसाच्या श्वासात फार पाणी असतं.” त्यानंतर मी त्यांच्याकडे मोजकंच बोलत असे.

त्याच आषाढात गोदाबाईंची सून वनिता आठव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी जगली, पण अगदी एवढीशी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की पोरीला ओल लागता कामा नये, छातीत सर्दी भरली तर कठीण. आणि गोदाबाईंच्या घराच्या मातीच्या भिंती तर त्या दिवसांत अक्षरशः पाझरत होत्या. त्या साडूभाऊंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इरल्यातून पाणी ठिबकत होतं. साडूभाऊ सवयीने ओरडले, “थांबा, थांबा! पाय!”

गोदाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “भाऊ, नात मुठीएवढी हाय. तुमच्या त्या खोलीत ठेवाल का? मी नाय येत आत. पोर नि तिची आई, दोघीच.”

आवाज ऐकून आम्हीही वरून खाली आलो होतो. साडूभाऊंनी विचारलं, “रडते का?”

“तोंड उघडती. आवाज नाय निघत.”

साडूभाऊ आत गेले. आम्हांला वाटलं, नकार कसा द्यावा याचा विचार करायला गेले. पण खाडखुड ऐकू आली, आणि ते स्वतःची गादी काखोटीला मारून बाहेर आले. “आणा तिला.”

“पन भाऊ, लेकराचं समदंच वलं असतं. आधीच सांगते.”

“मग यंत्र कशासाठी घेतलंय?” साडूभाऊ गरजले.

अक्कांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात लंगोट कधी वाळला नव्हता. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या गेल्या, दुपट्यांची तोरणं लागली, शेक, शेगडी, धुरी सगळं सुरू झालं आणि चहाही उकळू लागला. कायदे कुठे गेले कोण जाणे. साडूभाऊ प्रत्येक लंगोट गालाला लावून तपासत आणि नापास झालेला पुन्हा दोरीवर टाकत. ओलखाऊ दिवसरात्र घुरघुरत होता. मग वादळात खांब पडले आणि तालुक्याची वीज गेली. यंत्र गप्प झालं. साडूभाऊंचा चेहरा असा झाला, जणू त्यांचाच श्वास बंद पडला. पण घटकाभरातच त्यांनी आमच्याकडची कोळशाची इस्त्री मागवली. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा सदरा इस्त्री केला नव्हता, तो वीज येईपर्यंत बसून लंगोटांना इस्त्री करत होता. अक्का निखारे फुलवत होत्या. त्यांच्या पाठीला पाठ लावून वनिता पोरीला पोटाशी धरून बसली होती.

वीज आली त्या सकाळी पोरगी रडली. साधीसुधी नव्हे; जिन्यातून आम्हांला ऐकू आली. मी धावत खाली गेलो. साडूभाऊ तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ओणवे उभे होते. “वाजतेय!” ते ओरडले. “साडूभाऊ, ऐका! खणखणीत वाजतेय!”

श्रावणातलं ऊन पडू लागलं तोवर तिने बाळसं धरलं. एके दिवशी साडूभाऊ तिला दोन्ही हातांत उंच धरून ओलखाऊ दाखवत होते, तेव्हा तिने नेम धरल्यासारखी धार सोडली ती थेट जाळीत. फट् असा आवाज झाला, थोडा धूर निघाला आणि सिंगापूरचं ते यंत्र कर्जतमध्ये निवर्तलं. वनिता रडकुंडीला आली. साडूभाऊंनी धूर विरेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, “एवढं पाणी त्याला एकदम झेपलं नाही.” स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते उघडलं, पाहिलं आणि हात न लावता बंद केलं. पुढे त्याच्यावर कापड घालून त्याचा चौरंग केला गेला आणि त्यावर बसून ती पोरगी अक्कांच्या हातचा गुरगुट्या भात खायला शिकली.

निवृत्तीनंतर साडूभाऊ अक्कांच्या संधिवातापायी सोलापूरकडे राहायला गेले. निघताना पोरगी अक्कांचा पदर सोडेना. साडूभाऊ सामान मोजण्याचं निमित्त करून बराच वेळ मागच्या अंगणात उभे होते. नंतर एकदा मी कामासाठी तिकडे गेलो होतो. जुलैचा महिना, तरी आभाळ स्वच्छ निळं. भिंती खडखडीत, मीठ सुटं, पापड खुसखुशीत. माणसाने आयुष्यभर मागावं ते सगळं त्यांना मिळालं होतं. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो.

“तिकडे लागलाय का?” त्यांनी विचारलं.

“कोसळतोय. नदी पुलाला टेकलीय.”

ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, “आणि पोरगी?”

“शाळेत जाते. छत्री दिली तर उघडत नाही. रोज भिजून येते.”

मला वाटलं, आता ओलीवर भाषण ऐकावं लागणार. साडूभाऊ समोरच्या तापलेल्या रस्त्याकडे बघत होते.

“भिजू दे,” ते हळूच म्हणाले. “आता भिजू दे तिला.”