अर्धा टँकर

समुद्रात चालणाऱ्या बोटी आखणं हा माझा धंदा आहे आणि मी अकोल्याची आहे. हे दोन्ही एका दमात सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. आमच्या लहानपणी जठारपेठेतल्या घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा, आणि त्या दिवशी पिंपापासून वाटी-गडव्यापर्यंत सगळं भरून ठेवलं जायचं. पाण्याचा एवढा विचार समुद्राकाठी जन्मलेल्या माणसानं कधी केला असेल, असं मला वाटत नाही.

मी आखते त्या बोटी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात. खालच्या मजल्यावर मोटारी, ट्रक, भाजीचे टेम्पो. वरच्या मजल्यावर माणसं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला खालचा मजला काढायला दिला होता. मी अगदी मन लावून काढला. साहेबांनी नकाशा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पाणी बाहेर जायची भोकं एवढीशी का ठेवलीस?"

खरं उत्तर असं होतं की पाणी सोडून देण्यासाठी मुद्दाम भोक ठेवायचं, हे माझ्या हातालाच मान्य नव्हतं. आमच्याकडे भोक दिसलं की आधी बुजवतात.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी चहाचा ट्रे घेतला, त्यात पेलाभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "उचल. चार पावलं चाल." मी दोनच चालले. पाणी एका कोपऱ्याकडे धावलं, त्याच्या वजनानं ट्रे आणखी कलला, आणि अर्धं पाणी माझ्या ओढणीवर. "गाड्यांच्या मजल्यावर लाट आत आली की असंच होतं," ते म्हणाले. "काठोकाठ भरलेल्या टाकीची भीती नाही, कोरड्या मजल्याची भीती नाही. भीती मधल्याची." मी ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथेच खुर्चीवर बसले. साहेबांना वाटलं, मी वाईट वाटून घेतलं. मी तिथे नव्हतेच. मी दहा वर्षांची होते आणि बाबांच्या टँकरमध्ये बसले होते.

बाबा पाण्याचा टँकर चालवायचे. उन्हाळाभर अकोल्याहून खेड्यांकडे. माझ्या आत्याचं सासर दर्यापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. वैशाखात आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. बाबा सख्खे मामा. ते आत्याला म्हणाले, "पान्याची फिकीर नोको करू. भरून टँकर आनतो." आत्यानं गावभर सांगून ठेवलं, माझा दादा गोड पाणी आणतो आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. बाबांचा नवा सदरा होता, आणि मला सगळ्यात पुढे बसायला मिळालं म्हणून मी नुसती फुगले होते. वाटेत एका वस्तीपाशी बाया हंडे घेऊन रस्त्यातच उभ्या राहिल्या. चार दिवसांपासून त्यांच्याकडे पाणी नव्हतं. बाबांनी क्षणभर मागे टँकरकडे पाहिलं, मग उतरले आणि नळी सोडली. हंडे भरले, कोठ्या भरल्या, एका म्हातारीची टोपलीएवढी कढईसुद्धा भरली. निघालो तेव्हा टँकर अर्धा झाला होता.

पुढे नाला होता. त्याची उतरण वाकडी आणि एका बाजूला खचलेली. दुसरा रस्ता नव्हता. बाबांनी गाडी घातली आणि मागून धडामकन आवाज आला, आतून कुणी ढुशी मारावी तसा. गाडी एका अंगाला गेली. माझं डोकं दारावर आपटलं. बाबांनी कशीबशी गाडी मागे घेतली, खाली उतरले आणि नाल्याच्या काठावर उभे राहिले. मग मागे गेले आणि त्यांनी नळ पूर्ण उघडला.

उरलेलं पाणी त्या भेगाळलेल्या जमिनीत गेलं. बघता बघता गेलं. मी खिडकीतून ओरडत होते, "बाबा, काय करून राहिले! बंद करा ना!" पाणी संपल्यावर त्यांनी रिकामी गाडी सावकाश नाल्यापलीकडे काढली.

मांडवाच्या दारात बायका कळश्या, बादल्या घेऊन वाटच पाहत होत्या. आत्या धावत आली. शालू नेसलेली, कपाळावर घाम, चेहरा नुसता फुललेला. "आला माहा दादा," ती म्हणाली. बाबा गाडीतून उतरले आणि मान खाली घालून उभे राहिले. मला तेव्हा राग आवरत नसे. आताही फार आवरतो अशातला भाग नाही. मी सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडले, "बाबानं पानी सांडून टाकलं! नळ खोलून मुद्दाम सांडलं!"

वस्तीतल्या बायांचं मी सांगितलं नाही. नाल्याचं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं.

त्या दिवशी हापशीच्या खाऱ्या पाण्यात वरण काही शिजलं नाही. दाताखाली डाळ कचकच वाजत होती आणि वरपक्षाचे लोक एकमेकांकडे बघत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरीच्या मागे मामा म्हणून शेजारचे एक काका उभे राहिले. बाबा गावाबाहेर रिकाम्या टँकरच्या सावलीत बसून होते. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "तू जेव."

तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं तुटलं. भांडण असं नाही. कुणाच्या तेरवीला, कुणाच्या बारशाला समोरासमोर येत, "बरं आहे ना" म्हणत आणि दुसरीकडे पाहत. पण आत्या भाऊबीजेला आली नाही ती नाहीच. बाबांनी टँकरमध्ये पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घेतले, म्हणजे पाणी एकदम धावणार नाही. दरवर्षी भाऊबीजेला सकाळी आंघोळ करून ते पाट मांडत, दुपारी स्वतःच उचलून ठेवत.

साहेबांच्या त्या चहाच्या ट्रेनं मला त्या दिवशी सगळं शिकवलं होतं. बाबांनी जे केलं ते बोटीवरचा कुठलाही शहाणा कप्तान करेल. मग मी तेव्हाच आत्याला का सांगितलं नाही? लाज. नाल्याचं सांगायचं तर आपण मांडवात तोंड कसं सोडलं तेही सांगावं लागणार होतं. बोटींमागून बोटी आखल्या, भोकं ऐसपैस ठेवली, वरिष्ठांशी भांडून ठेवली, पण अकोल्याहून तासाभरावर जाऊन दोन वाक्यं बोलणं मला जमलं नाही.

यंदा दिवाळीला घरी आले. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. लक्ष्मीपूजन झालं आणि ते सहज म्हणाले, "यंदा पाट काढू नोको वं. आता काय येते तुही आत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या दारात होते.

आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी बसल्या बसल्या भडाभडा सगळं सांगितलं. वस्ती, नाला, ट्रे, बोट, पाणी एका बाजूला कसं धावतं. तिनं माझं व्याख्यान मध्येच तोडलं.

"सारा जलम डोक्यावर पानी वाह्यलं म्या. अर्धी घागर कशी हिंदकते थे तू मले शिकवतं? त्या वस्तीतल्या बायाईनं आठ दिवसातच सांगतलं मले सारं."

"मग काहून नाही आलीस इतके वर्षं?"

तिनं शेंग फोडली नाही, नुसती हातात धरली. "पान्याचं नाई वं पोरी. पानी काय, खारं त खारं. माह्या लेकीच्या मांगं तिचा मामा उभा नोयता. रिकामा हात घेऊन आला असता मांडवात, तरी चाललं असतं मले. बाहीर काहून बसला थो?"

बाहेर का बसले, ते मला माहीत होतं. माझ्या ओरडण्यामुळे. मी तसं तिला सांगितलं आणि रडले. चांगली मोठमोठ्यानं रडले. आत्या म्हणाली, "चूप बस. शेंगा भिजवतं का?"

भाऊबीजेला ती आली. बाबा दारातच उभे होते, पाट मांडायचं भानच नव्हतं त्यांना. मीच मांडला. तिनं ओवाळलं, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दोघंही बराच वेळ कापसाच्या वेचणीविषयी बोलत राहिले, जसं काही कालच भेटले होते.

जेवणं झाल्यावर मी बाबांना नव्या बोटीचा नकाशा दाखवला. जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर अडकित्ता आणि फराळाचे डबे ठेवले. बाबा वाकून खालचा मजला बघत राहिले. भोकांवर बोट ठेवून म्हणाले, "पानी इथून जाते?"

"हो. बाबा, तुमी त्या दिवशी बरोबर केलं होतं. म्या चुकीचं बोलली."

"बरोबर काय," ते म्हणाले. "एकटा असतो त नेला असता टँकर. बहिनीले सबद देल्लता."

मला पुन्हा राग आला. इतक्या वर्षांनी, त्यांच्याच बाजूनं. "मग मला उतरवायचं होतं खाली! मी चालत आली असती मागून."

बाबांनी नकाशावरचं बोट वरच्या मजल्यावर नेलं. तिथे मी माणसांच्या बसायच्या रांगा काढल्या होत्या.

"उतरोलं असतं," ते म्हणाले. "पन मी टँकरखाली गेलो असतो त तुले घरी कोनं आनलं असतं?"